दुनळी माझ्या नावावर नको

भोपाळ, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

शेजारच्या लग्नातून मी न जेवता मुक्ताला घेऊन निघाले, म्हणून आई अजून ग्वाल्हेरच्या साऱ्या लष्कर भागाला उत्तरं देत असणार. आई, "पोरीला ताप होता" असं सांगत बसू नकोस. खरं ते सांग. नवरदेव घोडीवरून उतरायच्या आत त्याच्या मामांनी कमरेचं रिव्हॉल्वर काढून बार उडवायला सुरुवात केली. मुक्ता माझ्या कडेवर, समोरच्या गच्चीवर पोरांची ही रांग. अशी गोळी आभाळातच जाते असं थोडंच आहे? हात खाली येताना सुटते, अडकलेलं काडतूस काढताना सुटते, आणि वरात बघायला उभ्या असलेल्या कुणाच्या तरी लेकराला लागते. मी मामांना म्हटलं, वर तुमचीच नात उभी आहे. ते हसले. "बिटिया, लाइसेंसी है."

शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून या हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मांडवातल्या लोकांनी काय केलं? व्हिडिओ काढले.

बाबा, आता तुमच्याशी. फोनवर तुम्हीही तेच म्हणालात, आपली बंदूक तर लायसन्सची आहे. सत्तरी उलटली की ती वारसाच्या नावे करता येते, तेव्हा तू अर्ज कर. मी अर्ज करणार नाही. आजोबांची दुनळी दसऱ्याला पूजेत आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, एरवी कपाटाबाहेर येत नाही. काडतुसं वेगळी, किल्ली तुमच्या जानव्याला. तुमच्यावर माझा तिळमात्र अविश्वास नाही. पण 2012 साली अमेरिकेत न्यूटाउनच्या शाळेत 20 मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, ती रायफल कुण्या गुंडाची नव्हती. मारणाऱ्याच्या आईनं रीतसर विकत घेतलेली होती. घरातून निघण्याआधी त्यानं तिलाच मारलं. मुलगा असं करेल हे त्या बाईच्या स्वप्नातही नसेल. मुक्ता किंवा तिच्या घरी खेळायला येणारी पोरं पंधरा वर्षांनी कशी असतील, हे मला तरी आज कुठे माहीत आहे?

अमेरिकेचं सोडा. आपल्या शिवपुरीत 2008 मध्ये नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचं लायसन्स लवकर मिळत होतं. ग्वाल्हेरला 2019 मध्ये अर्जदारांना गोशाळेत दहा ब्लँकेटं द्यायला सांगितलं होतं. (गाईंचं भलं झालं, एवढं मान्य.) अशा मुलखात "आमच्याकडे नुसती पडून असते" म्हणणारी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांतलं एक तरी कमी करणं माझ्या हातात आहे.

दिवाळीला येईन तेव्हा आपण दोघं ठाण्यात जाऊ, बंदूक जमा करू, पावती घेऊ. तोवर काडतुसं मोजून वहीत लिहून ठेवा. बैठकीतला आजोबांचा दुनळी घेतलेला फोटो राहू द्या, तो काढा असं मी म्हणत नाही.

आई, शेजारच्या धाकट्याचंही ठरतंय म्हणालीस. आमंत्रण द्यायला येतील तेव्हा स्वयंपाकघरातून नको, समोर बसून विचार: वरातीत बंदुका असणार का? असतील तर आहेर मी पोस्टानं पाठवते.

तुमची,
शुभा