सॅम मिल्स सरांना, उशिरा का होईना

आदरणीय मिल्स सर,
सा. न. वि. वि.

अमेरिकेत शार्लटला राहायला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की, एवढंच मला ठाऊक होतं. तुमचं नाव कळलं ते केमोच्या दिवसांत. मला आतड्याचा कॅन्सर निघाला आणि ऑफिसातल्या मित्राने 'कीप पाउंडिंग' (घाव घालत राहा) ही तुमची घोषणा छापलेला टी-शर्ट आणून दिला. खरं सांगतो, मला तो रुचला नाही. आजाऱ्याला 'लढ रे' म्हणायला काय जातं? आणि जे जातात, ते काय कमी लढले म्हणून? पण अंथरुणात पडल्या पडल्या तुमच्याविषयी वाचू लागलो, आणि घोषणा राहिली बाजूला, माणूसच आवडून गेला.

1981 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या मुख्य लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तुम्हाला कुणी घेतलं नाही. मॉन्टक्लेअर स्टेटसारखं छोटं कॉलेज आणि उंची 5 फूट 9 इंच. तुमची जागा लाइनबॅकरची. त्याने आघाडीच्या बचावपटूंमागे उभं राहून समोरच्यांचा डाव ओळखायचा, आपल्या गड्यांना ओरडून सांगायचा आणि चेंडूवाल्याला आडवं करायचं. हे काम ताडमाड माणसाचं, अशी सगळ्यांची समजूत. क्लीव्हलँड ब्राउन्सनी तुम्हाला काढलं, मग कॅनडात टोरांटो आर्गोनॉट्सनीही काढलं. तुम्ही न्यू जर्सीत ईस्ट ऑरेंजच्या शाळेत फोटोग्राफी शिकवू लागलात. (म्हणून तुम्हाला 'सर' म्हणताना माझी जीभ अडखळत नाही.) 1983 मध्ये यूएसएफएल ही नवी लीग निघाली आणि फिलाडेल्फिया स्टार्समध्ये जिम मोरांनी तुम्हाला खेळवलं. 1984 आणि 1985 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं. मोरा 1986 मध्ये एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले ते तुम्हाला बरोबर घेऊनच. आपण शिकवलेल्यांत सर्वांत चांगला खेळाडू म्हणजे सॅम, असं ते पुढे म्हणत.

सेंट्सचे तुम्ही चार लाइनबॅकर, 'डोम पेट्रोल', 1992 च्या हंगामात चौघेही प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडले गेलात. पण मी पुन्हा पुन्हा बघतो तो 15 ऑक्टोबर 1995 चा सामना. कॅरोलायना पँथर्स नवेकोरे, पहिले पाचही सामने हरलेले. शार्लटचं स्टेडियम तयार नव्हतं, म्हणून क्लेम्सनला खेळत होते. समोरच्या जेट्स संघाच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराने, अगदी जवळच्या गड्याकडे चेंडू ढकलला आणि मध्ये तुम्ही! चेंडू मध्येच पकडून 36 यार्ड धावलात, थेट शेवटच्या रेषेपलीकडे, टचडाउन. तेव्हा तुमचं वयही 36 च. संघाचा तो पहिला विजय.

ऑगस्ट 2003 मध्ये तुमच्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं, तेव्हा तुम्ही पँथर्सच्या लाइनबॅकर्सचे प्रशिक्षक होता. डॉक्टरांनी काही महिनेच सांगितले होते. त्याच महिन्यात तुमच्या हाताखालच्या मार्क फील्ड्सलाही कॅन्सर निघाला. केमो आणि रेडिएशन सुरू असताना तुम्ही सरावाला येत राहिलात. डॅलसविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्याआधी खेळाडूंना सांगितलंत, की माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, सोडून देणं किंवा घाव घालत राहणं. सामना 29-10 ने जिंकला. सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, संघ पोचला आणि पेट्रियट्सकडून 32-29 ने हरला. सगळे ते भाषण सांगतात. मला धीर आला तो सरावाच्या गोष्टीने. उपचारांच्या मधल्या बऱ्या दिवसांत मी लॅपटॉप उघडून बसायचो, तेव्हा घरचे रागवायचे. मी म्हणायचो, मिल्स सर मैदानावर जात होते, मी तर खुर्चीतच आहे! बायकोला तुमचं नाव तोंडपाठ झालं ते या भांडणांमुळे. काम केल्याने गाठ विरघळत नाही, हे मलाही कळत होतं. पण त्या तासाभरात मी पेशंट नसायचो, आणि ही मोकळीक मला तुमच्यामुळे सुचली.

18 एप्रिल 2005 ला तुम्ही गेलात, अवघ्या 45 व्या वर्षी. मी बरा झालो. यात माझी मर्दुमकी काही नाही; वेळेवर निदान आणि नशीब.

फुटबॉलमधल्या थोरांचा मान ठेवणाऱ्या हॉल ऑफ फेमने तुम्हाला घेतलं 2022 मध्ये, पात्रतेच्या अगदी शेवटच्या वर्षी. सवयीप्रमाणे तिथेही तुम्हाला ताटकळत ठेवलंच.

हल्ली ओळखीतल्या कुणाला असं दुखणं निघालं की मी टी-शर्ट देत नाही. ब्राउन्स, आर्गोनॉट्स आणि ईस्ट ऑरेंजची शाळा, एवढं सांगतो. पुढचं ऐकायचं असेल तर ते आपणहून विचारतात. बहुतेक जण विचारतात.

मनापासून आभार.

आपला,
शार्लटचा एक मराठी प्रेक्षक