जमिनीवरून उठताना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारता की चालणं-बसणं तर माणूस घरातच शिकतो, मग ते शिकवायला वेगळा शिक्षक कशाला? घरात शिकतो हे खरंच आहे, आणि शिक्षकाची पहिली अडचण तिथेच असते. लहानपणापासून जमिनीवर उठबस असली की खुबे आणि घोटे मोकळे राहतात, उकिडवं बसलं तरी टाचा टेकलेल्या असतात. असा माणूस शिकवायला लागला की सहज म्हणतो, "बसा की खाली, त्यात काय!" समोरच्याचा घोटा आखडलेला असतो. नडगी पुढे झुकत नाही, टाचा उचलल्या जातात, नाहीतर तो मागे कलंडतो. जोर लावून हे जमत नाही. टाचांखाली चादरीची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची घट्ट घडी आणि समोर धरायला काहीतरी पक्कं दिलं, तर बहुतेक जण बरेच खाली जातात. आपल्याला जे आयतं आलं, ते शिक्षकाला आधी उसवून बघावं लागतं.

काही शिक्षकांना आयतं काहीच मिळालेलं नसतं. योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार (जन्म १९१८) लहानपणी सतत आजारी असायचे. त्यांच्या पद्धतीत पट्टे, विटा, खुर्च्या इतक्या का, हे मला त्यातूनच उमगतं. हालचाली शिकवण्याची स्वतःची पद्धत काढणारे मोशे फेल्डेनक्राइस (जन्म १९०४) इंजिनिअर होते, ज्युदो खेळायचे, आणि गुडघ्याच्या दुखापतीने बेजार होते. त्यांचे धडे म्हणजे बहुतेकदा जमिनीवर पडून केलेल्या अगदी लहान, सावकाश हालचाली. जोर कमी असला की बारीक फरक कळतो.

घरातून शरीरासोबत हुकूमही येतात. "सरळ बस!" हा सगळ्यांच्या कानात असतो आणि वर्गात शिक्षकाच्या तोंडून आपसूक निघतो. तो ऐकून माणूस छाती काढतो, कंबरेत खोल बाक येतो, श्वास अडकतो आणि दोन मिनिटांत पाठ पुन्हा गोल होते. बाबा, तुम्हीही पोक घालवायला खांदे मागे ओढता, ते सोडा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, तळपाय पूर्ण टेकवा आणि बैठकीच्या हाडांवर (बसल्यावर खुर्चीला टेकतात ती खालची दोन हाडं) आठ-दहा वेळा हळूच पुढे-मागे डुला. जिथे सगळ्यात कमी कष्ट वाटतात तिथे थांबा. मान आपोआप जागेवर येते.

आता तुम्हा दोघांच्या कामाचं. जमिनीवरून उठण्याचा सराव ठेवा, पण हात टेकून झटक्यात नको. जड, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आधी एका कुशीला वळून हातांवर भार घ्या, मग रांगत खुर्चीपाशी या आणि दोन्ही हात तिच्या बैठकीवर ठेवा. आई, तुझा उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून डावं पाऊल पुढे घे. उठताना जास्त काम पुढचा पाय करतो. उजव्या गुडघ्याखाली उशी ठेव. तरीही टेकल्यावर दुखलं तर बाजू बदलून बघ, आणि दोन्हीकडे दुखलं तर हा प्रकार सोडून दे. पुढचं पाऊल गुडघ्याच्या बरोबर खाली हवं. ते फार पुढे गेलं की वजन मागेच राहतं आणि सगळा भार हातांवर येतो. इथेच बहुतेक जण अडकतात. मागच्या पायाची बोटं दुमडून टेकव, नाक पुढच्या पावलाच्या बोटांवर येईल इतकी झुक आणि श्वास सोडत ऊठ. श्वास कोंडायचा नाही.

उठल्यावर वळून खुर्चीवर बसा, लगेच चालू लागू नका. रक्तदाब क्षणभर उतरून भोवळ येऊ शकते. दिवसाला दोन-तीन वेळा केलं तरी भरपूर, पण एक करत असताना दुसऱ्याने जवळ थांबायचं. आणि बाबा, मदत म्हणून आईचा दंड धरून वर ओढू नका. त्याने खांदा दुखावतो आणि तिचा तोलही जातो. तुम्ही फक्त खुर्ची घट्ट धरून उभे राहा.

तुमची लेक