डेथ व्हॅलीहून आल्यावर, संज्यास

प्रिय संज्या,

'कसं होतं रे वाळवंट?' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली ही डेथ व्हॅली म्हटलं की लोक बॅडवॉटर गाठतात. समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली पसरलेलं मीठ, त्यावर उभं राहून फोटो, की चालले परत. आम्हीही काढले, नाही कशाला म्हणू. पण तिथून पश्चिमेला मान वर केली की पॅनामिंट रांगेतलं टेलिस्कोप पीक दिसतं, 3,366 मीटर, डोक्यावर बर्फ. एकावर एक दोन कळसूबाई रचल्या तरी आपण खालीच!

खरी मजा रेसट्रॅक नावाच्या सुकलेल्या तळ्याच्या वाटेला. युबेहेबी क्रेटर या ज्वालामुखीच्या विवरापासून जवळजवळ 43 किलोमीटर कच्चा रस्ता, सगळा आडव्या वळ्या पडलेला आणि वर धारदार खडी. टायरची हवा थोडी कमी केली, तरी डॅशबोर्डवरचं सगळं मांडीवर येत होतं. मोबाईलला रेंज नाही. वाटेत टीकेटल जंक्शन नावाचा तिठा लागतो, तिथल्या पाटीला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चहाच्या किटल्या टांगल्यात. का, ते विचारू नकोस. मला मात्र किटल्या बघून चहाचीच आठवण झाली, आणि थर्मास रिकामा.

कॉलेजात आपण त्या आपोआप सरकणाऱ्या दगडांवरून रात्र-रात्र वाद घालायचो, आठवतंय? चुंबक म्हण, वारा म्हण, तू तर थेट परग्रहवासीयांवर गेला होतास. तेच हे ठिकाण. मी एका दगडाशेजारी उकिडवा बसलो. मागे त्याच्याच रुंदीची चरी, कडेला चिखल दाबला जाऊन वाळलेला बारीक बांध, आणि मध्येच चरीला चक्क वळण. शेजारच्या दगडाच्या चरीलाही अगदी तसंच वळण!

उत्तर 2014 साली प्रसिद्ध झालं. संशोधकांनी दगडांवर जीपीएस बसवले होते. हिवाळ्यात तिथे कधीतरी उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर काही मिलिमीटर जाडीचा बर्फ धरतो. ऊन चढलं की त्याचे मोठे पापुद्रे फुटतात, मंद वाऱ्यावर वाहतात आणि ओल्या चिखलावरून दगडांना हळूहळू ढकलत नेतात. एकाच पापुद्र्यात अडकलेले दगड एकत्र वळतात. म्हणजे वारा म्हणणारा मी निम्मा तरी बरोबर होतो, हे लिहून ठेव.

एकच राग आला. ओल्या मातीवरून कुणीतरी चालत गेलेलं. ते ठसे वर्षानुवर्षं राहतात, हे पाटीवर लिहूनसुद्धा!

येणार असशील तर हिवाळ्यात ये. जुलैचं नाव काढू नकोस. 1913 च्या जुलैत इथे 56.7 अंशांची नोंद झाली आहे, आणि घाम आला तरी तुझी चिडचिड सुरू होते. पुढच्या खेपेला वाइल्डरोजच्या कोळसाभट्ट्या बघू. 1877 च्या त्या दहा दगडी भट्ट्या उंच डोंगरात अजून जशाच्या तशा उभ्या आहेत म्हणे. टेलिस्कोप पीकच्या चढाईची वाटही तिथून थोडं पुढे सुटते.

काकूंना नमस्कार सांग. उंच गाडी आणि दोन स्टेपन्या माझ्याकडे लागल्या, तू व्हिसाचं तेवढं बघ.

तुझा,
अव्या