बाबा, हीटर परत पाठवा

म्युनिक, नोव्हेंबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्या बऱ्यापैकी शाबूत आल्या, भडंगाचं विचारू नका, ऑफिसातल्यांनीच फस्त केलं. रविवारी फोनवर तुम्ही, दादा आणि छोटू तिघं एकदम बोलत होता, त्यामुळे माझं काहीच कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. म्हणून लिहून पाठवतेय. दादा प्रिंट काढून देईल, चष्मा लावून सावकाश वाचा. माशांच्या टाकीसाठी तुम्ही ऑनलाइन मागवलेला हीटर आणि फिल्टर परत करायची मुदत शनिवारी संपतेय, तेवढं लक्षात असू द्या.

दादाने पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. हीटरच्या खोक्यावर ३०० वॅट लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात '२०० ते ३०० लिटर'. आपली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तरी ५४ लिटर, वाळू-दगड घातल्यावर पाणी पन्नासच्याही आत. एवढ्या पाण्यात ३०० वॅटचा हीटर चालू राहिला तर पाणी तासाला जवळजवळ पाच अंशांनी तापतं. त्याचा थर्मोस्टॅट चिकटला, आणि स्वस्तातल्या हीटरचा तो कधीतरी चिकटतोच, तर तुमची दुपारची झोप होईपर्यंत सत्तावीसचं पाणी सदतीसवर जाईल. माशांचं कालवणच की! पन्नास वॅटचा असता तर अडकूनही एवढं नुकसान झालं नसतं.

आणि मुळात सांगलीत हीटर हवा कशाला? इथे आता चार-साडेचारला अंधार पडतो, बाहेर शून्याच्या आसपास असतं, म्हणून माझ्या टाकीत हीटर आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या चार गार रात्री सोडल्या तर काळजी उन्हाळ्याची करायची. एप्रिल-मे महिन्यात हॉलमधली टाकी बत्तीस अंशांना टेकेल. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तीस अंशांना साडेसातवर येतो, आणि नेमकं तेव्हाच माशांना जास्त लागतो. मग ते वर येऊन तोंडं उघडमीट करतात आणि आपण म्हणतो, भूक लागली वाटतं. त्या दिवसांत झाकण काढून पाण्यावर छोटा टेबल फॅन सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, फक्त पाणी आटतं तेवढं रोज भरावं लागतं. तेव्हा हीटरबद्दल माझं मत पक्कं आहे: परत.

तुम्ही म्हणालात, "खोकं फोडलं, प्लग लावून बघितला, आता कुठल्या तोंडानं परत देऊ?" बाबा, विकणाऱ्याच्या पानावर 'दोन फुटी टाकीसाठी योग्य' असं लिहिलंय आणि खोक्यावर २०० लिटरच्या पुढचं लिहिलंय. यात तुमची लाज कुठे आली? वर्णन एक आणि वस्तू दुसरी निघाली तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. २०२० साली ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आले, त्यात हे स्पष्ट आहे. दादाला त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवायला सांगा, अशी पानं गुपचूप बदलतात. खोक्यावरच्या मजकुराचाही फोटो हवा. टोलवाटोलवी केलीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तुम्ही आयुष्यभर ऑफिसात अर्ज लिहिलेत, तिथे तुमच्यापुढे कोण टिकणार आहे!

एक मात्र हात जोडून सांगते, 'चालतो का बघू' म्हणून तो पाण्याबाहेर पुन्हा लावू नका. कोरडा तापला की काच तडकते. शिवाय प्लग दोन पिनांचा आहे, अर्थिंग नाही. पाण्यात बुडवायच्या वस्तूला हे मला अजिबात चालत नाही.

फिल्टरचं प्रकरण एवढं सरळ नाही. तासाला १२०० लिटरचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डबा. आपल्या टाकीला तासाला अडीचशे-तीनशे लिटर पुरे, म्हणजे सगळं पाणी पाच-सहा वेळा फिरतं. खोक्यावरचा आकडा फिल्टर रिकामा असतानाचा असतो, आत स्पंज आणि खडे भरले की तो बराच उतरतो, तरीही हा आपल्याला जास्तच. गप्पीसारखे छोटे मासे त्या झोतात कपडे धुवायच्या मशीनमधल्या रुमालासारखे गरगरतील. बाहेर येणाऱ्या नळीचा कॉक थोडा आवळून जोर कमी करता येतो (आत ओढणाऱ्या नळीचा कधीच नाही, पंपाची वाट लागते). त्यामुळे वस्तू वाया जाईल असं नाही.

पण मला वेगळीच भीती वाटते. हा डबा टाकीच्या खाली, जमिनीवर ठेवावा लागतो. महिना-दीड महिन्याने साफ करायला खाली बसून नळ्या सोडवा, ते पाणी भरलेलं धूड उचलून मोरीत न्या, धुऊन परत आणा, रबरी रिंग नीट बसली नाही तर हॉलभर पाणी. तुमच्या गुडघ्यांनी हे होणार आहे का? छोटू पहिल्या वेळी उत्साहाने करेल, पुढे आई करेल, हे मी इथे बसून सांगते. त्यात लाईट गेली की बंद डब्यातलं पाणी साचून राहतं, आतल्या चांगल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, आणि पाच-सहा तासांनी लाईट आली की ते कुजकं पाणी सगळं टाकीत. महावितरणने देखभालीसाठी दिवसभर लाईट घालवली की झालंच.

म्हणून मी म्हणेन, फिल्टरही परत करून बघा आणि गावातल्या माशांच्या दुकानातून स्पंज फिल्टर आणा. तुमच्या खोक्यात एअर पंप आलाच आहे, त्यावर तो चालतो. पंप तीन-चार वॅटचा, इन्व्हर्टरवर दिवसभर जाईल. फक्त पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

दादा म्हणतो, कारणात 'खराब निघाला' असं टाका, लगेच घेतात. ते करू नका. फिल्टर चांगला आहे, त्याचं वर्णनही खोटं नव्हतं, आपल्यालाच तो मोठा होतोय. 'गरजेपेक्षा मोठा' एवढंच लिहा. अशा वेळी परत घ्यायचं की नाही हे त्यांच्या पॉलिसीवर असतं, आपल्याकडे त्याला कायद्याचा जोर नाही. इथे युरोपात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू पोचल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. पण इथेही दुकानात हाताळून बघावं तेवढंच बघायचं, त्यापेक्षा जास्त वापरली तर पैसे कापू शकतात. लोक चार मापांचे बूट मागवून तीन परत पाठवतात, मला ते काही पटत नाही. तुम्ही फिल्टर पाण्यावर चालवून बघितलाय, तेव्हा नाही म्हणाले तर भांडू नका, ठेवून घ्या. आवळलेल्या कॉकवर चालेल. पाठवायचा झाला तर आतलं पाणी पूर्ण काढा, पंख्याखाली वाळवा, नळ्या-क्लिपा सगळ्या मूळ पिशव्यांत भरा आणि भरताना दादाला व्हिडिओ काढायला सांगा.

लाईट ठेवा. चांगली आहे आणि सेलमध्ये खरंच स्वस्त मिळाली. दिवसाला सात-आठ तास पुरे, जास्त ठेवलीत तर काचांवर शेवाळ धरेल. वायर बोर्डाकडे जाताना आधी खाली लोंबती राहू द्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जाणार नाही. वायरमनला बोलावून त्या बोर्डाला ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) आहे का तेही बघून घ्या.

आई, तू म्हणालीस टाकी शोकेसवर ठेवली आहे. उतरवायला लाव. पाणी, काच, वाळू मिळून सत्तर किलोच्या घरात जातं, प्लायवूड वाकेल. आणि मासे आणायची घाई छोटूला करू देऊ नका. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, दुकानात 'अँटिक्लोरीन' मिळतं ते घालायचं. स्पंजमध्ये जिवाणू धरायला चार ते सहा आठवडे लागतात, माशांच्या घाणीतला अमोनिया तेच संपवतात. म्हणून स्पंज नळाखाली कधी धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

गोल्डफिश हवेत म्हणतोय ना तो? दोन फुटात दोन लहान ठीक, मोठे झाले की टाकी अपुरी पडणार आणि घाणही भरपूर करतात. त्यापेक्षा गप्पी बरे. दुकानदार 'काच साफ करतो' म्हणून सकर फिश गळ्यात मारेल, तो घेऊ नका. फूटभर वाढतो, मग लोक नदीत सोडतात. उजनीत त्यांनी काय उच्छाद मांडलाय ते पेपरात येत असतं, आपल्या कृष्णेत आणखी भर नको.

हीटरचा अर्ज तेवढा पत्र वाचल्या वाचल्या टाका, फिल्टरचं शुक्रवारपर्यंत ठरवा. पैसे खात्यावर जमा झाल्याचा मेसेज आला की दादाला मला पाठवायला सांगा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मनू