विषारी झाडे आणि लहान मुले

महोदय,

घराच्या शोभेसाठी ठेवलेल्या डिफेनबाखियाच्या पानांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि रांगत्या मुलाने ते पान चावले, तर जीभ व ओठ सुजून त्याला घोट गिळणेही अवघड होते. कुंपणाची कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी असून तिचा परिणाम थेट हृदयावर होतो. मला सर्वाधिक धास्ती वाटते ती गुंजेची, कारण तिचे लाल-काळे चकचकीत बी मुलांना मणीच वाटते आणि चावून गिळल्यास ते जीवघेणे ठरू शकते. असे काही खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी तोंडातले तुकडे काढावेत, उलटी करवू नये आणि त्या झाडाची डहाळी सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

– एक वाचक