नानांची पेटी

प्रिय दिप्या,

कसा शे भो? परवा फोनवर तू विचारलंस की नाना गेल्यावर सगळं मार्गी लागलं का, आणि मी म्हटलं हो हो लागलं. खोटं बोललो यार. आई बाजूलाच बसली होती. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, लाइट दोनदा जाऊन आली, झोप काही येत नाही, म्हटलं तुला सविस्तर लिहून टाकावं.

तेराव्यानंतर आम्ही नानांची पत्र्याची पेटी उघडली. तीच हिरवी, ओट्याजवळची, जिच्यावर बसून आपण मीठ लावून कैऱ्या खायचो. आत काय तर जुने सातबारे, आम्हा भावंडांच्या मार्कशीटा, पोस्टाचं पासबुक, आणि एलआयसीच्या दोन पॉलिसी, त्यातली एक २०११ लाच पिकलेली, पैसे कधी मागितलेच नाहीत. बँकेच्या एफडीला नॉमिनी कोण, तर मोठी माय! ती २००३ ला गेली. म्हणजे आता वारसांचे कागद, सह्या, बहिणीला सुरतेहून बोलवा, हे सगळं दोन महिने चाललंय.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तळाशी साडीच्या दुकानाच्या पिशवीत एक ठेव पावती निघाली. एका पतसंस्थेची, आता बंद पडलेली. रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीतले अडीच लाख नानांनी तिथे १३ टक्क्यांनी टाकले होते, कारण काउंटरवरचा मॅनेजर त्यांचा विद्यार्थी. आणि पावतीच्या मागे, त्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, तारीख टाकून लिहिलेलं, 'घरी सांगितलेले नाही.' बस एवढंच. मी ती पावती हातात घेऊन किती वेळ बसलो मलाच कळलं नाही.

आठव ना, आपल्याला चक्रवाढ व्याज कुणी शिकवलं? ह्याच माणसाने, सूत्र चुकलं की डस्टर यायचं अंगावर. १३ टक्के देणारा ते कमावतो कुठून, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असं मला वाटत नाही, पण पोरगं पाया पडतंय, सर सर करतंय, त्याला ताळेबंद दाखव कसं म्हणणार. बँक बुडाली तर निदान ठेवीवर विमा असतो, आधी एक लाखाचा होता, २०२० पासून पाच लाखांचा, पतसंस्थेला तोही नाही. हे मला तरी कुठे माहीत होतं, पावती सापडल्यावर शोधलं.

आईचंही तसंच. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा तिने उडदाच्या डब्यातून अकरा हजार काढून टेबलावर ठेवले होते. नाना ओरडले, एवढे आले कुठून? आणि तेव्हा ह्यांची पावती पेटीत पडलेलीच होती बघ. एकाच घरात दोघं पन्नास वर्षं राहिले, एका ताटात जेवले, आणि पैशाच्या बाबतीत दोघंही दोन गावची.

आजोबांचं वेगळं होतं. कापूस विकला की पैसा, तो आला की दुकानाची उधारी, सालदाराचा हिशोब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपलं. मॅनेज करायला हातात राहायचंच काय? भाव वाढेल म्हणून कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवायचे आणि आम्ही रात्रभर अंग खाजवत झोपायचो, हीच त्यांची गुंतवणूक. नानांना महिन्याचा पगार होता, पुढे पेन्शन, त्यामुळे अडीच लाख बुडाले तरी चूल पेटत राहिली. म्हणजे त्यांना दुर्लक्ष परवडलं असं म्हण.

मला नाही परवडत. मी २००८ ला नोकरीला लागलो, १ नोव्हेंबर २००५ नंतरचा, म्हणजे जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात सात दिवस घसा फोडून 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडलो, पण स्वतःच्या एनपीएसच्या, म्हणजे नव्या पेन्शनच्या खात्यात किती जमलेत ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं रे. पासवर्डच विसरलेला. वागणं सगळं नानांसारखं, जणू मलाही साठीनंतर कुणी पाठवणारच आहे दर महिन्याला.

पुतण्याचं तर विचारूच नको. पुण्यात नोकरी, फोन ईएमआयवर, आणि दिवसभर शेअरबाजारातल्या ऑप्शनचे चार्ट. शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले, ते त्याला वाचून दाखवलं तर म्हणतो काका मी बाकीच्या सातातला. मी चिडलो. मग तो हळूच म्हणाला, पुण्यात फ्लॅट ह्या पगारात होणारच नाहीये, तर महिन्याला पाच हजार टाकून मी काय करू? ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आणि तुमच्या अमळनेरने पण आपलं नुकसान केलंय बरं का! १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, ज्यांनी शेअर पेटीत टाकून दिले ते करोडपती झाले, ही गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. त्यामुळे पेटीत टाकून विसरणे यालाच आपल्याकडे गुंतवणूक म्हणतात. ज्यांनी लग्नासाठी नाहीतर विहिरीसाठी मधेच विकले असतील त्यांचं नाव कुणी घेतं का? आणि आता तर सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला नाही तर ते शेअरच सरकारी फंडात जातात, मग काढत बसा अर्ज करून.

असो. परवा बायकोसमोर वही घेऊन बसलो. म्हटलं सगळं लिहू, खाती, पॉलिसी, नॉमिनी, पासवर्ड. ती उठून आत गेली आणि भिशीचं स्वतःचं कार्ड घेऊन आली, बेचाळीस हजार. मी म्हटलं हे मला माहीत नव्हतं, तर म्हणे तुम्ही विचारलं कधी? मग मी पण माझं क्रेडिट कार्डचं बिल काढलं, दर महिन्याला नुसता मिनिमम भरत आलोय ते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिने चहा टाकला.

आईला त्या पावतीचं अजून सांगितलेलं नाही. सांगू का नको, तू सांग. मला वाटतं तिला माहीत असावं.

दिवाळीनंतर ये, शेतात भरीत लावू, कळण्याची भाकरी, वहिनींना पण आण. आणि हो, वहीत 'येणे' म्हणून एक पान केलंय, त्यात २०१४ साली बाइकच्या वेळी तू नेलेले आठ हजार लिहिलेत. इतकी वर्षं बोललो नाही, आज लिहिलं. राग आला तर फोन कर, नाही आला तर गूगल पे कर.

तुझाच,
बंड्या