वनशास्त्र म्हणजे फक्त भरतीची परीक्षा नव्हे

संपादक महोदय,

वनशास्त्राची पदवी घेतली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘मग वनखात्यात कधी लागणार?’ मी लागलो नाही, तरी जंगल सुटलेलं नाही.

पहिल्याच सर्वेक्षणात मी झाडाचा घेर बुंध्यापाशी मोजला. सोबतच्या वनमजुराने टेप काढून घेतला, माझ्या छातीशी धरला आणि ‘इथं’ एवढंच म्हणाला. घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर मोजायचा, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं!

आज मी उपग्रहचित्रांवरून जंगलाची घट मोजतो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पासून मोफत आहेत, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट; लागते ती चिकाटी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे बरेच ऑनलाइन अभ्यासक्रमही विनाशुल्क आहेत. कार्बनमोजणी, पाणलोट, वणवा-व्यवस्थापन, लाकूड प्रमाणीकरण अशा कामांना माणसं लागतात. आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मात्र चार वर्षांत यातलं काहीच दिसलं नाही, भरतीच्या जाहिराती तेवढ्या वेळेवर लागत.

वनविभाग आणि संस्थांनी सुट्टीतल्या उमेदवारीच्या जागा उघडपणे जाहीर कराव्यात, विद्यावेतनासह. निदान झिजलेल्या बुटांचे पैसे तरी निघतील.

– एक वनशास्त्र पदवीधर